जुन्या वहिवाटीवर नांगर

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील खातेदारास फेरफाराचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जमिनीचा हक्क बदलला की तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास सुनावणी होते आणि मगच नोंद प्रमाणित होते. या व्यवस्थेत वशिला व दिरंगाई नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि आधीच्या हक्कदारास न विचारता त्याचे नाव पुसू नये, हे तत्त्व १९६६ च्या जमीन महसूल संहितेने मानले आहे. संगणकाच्या डिस्कवर ते अद्याप पुरते पोहोचलेले नाही.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या शाळांत व दूध संस्थांत जुनी यंत्रे आहेत, त्यांना ती भंगारात न घालता लिनक्ससारखी मुक्त प्रणाली विंडोजच्या शेजारी बसविता येते. धोका असतो तो ही प्रणाली बसविणाऱ्या इन्स्टॉलरच्या वर्तनात.

जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा. त्यातील ४४६ बाइटांत यंत्र सुरू करणारा बूट कोड, ६४ बाइटांत चार पार्टिशनांची नोंद, म्हणजे डिस्कचा सातबाराच, आणि शेवटच्या दोन बाइटांत खूण. विंडोजचा इन्स्टॉलर येथे आपला कोड लिहितो व शेजारच्या लिनक्सला यादीत घेत नाही. माहिती जागेवरच राहते, दार मात्र नाहीसे होते. नव्या यूईएफआय यंत्रांत प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र फोल्डर मिळतो. तरीही ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दुहेरी प्रणालीच्या अनेक यंत्रांवरील लिनक्स सुरू होईना.

याला निव्वळ निष्काळजीपणा कसे म्हणावे? मायक्रोसॉफ्टच्या करारांमुळे उत्पादकांना यंत्र सुरू होताना दुसऱ्या प्रणालीचा पर्यायच दाखविता येत नाही, असा आरोप करून बी या छोट्या अमेरिकी कंपनीने २००२ मध्ये दावा लावला. पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. मक्तेदारीला दाराची किंमत नेमकी ठाऊक असते.

मुक्त प्रणालीचे कैवारीही सर्वस्वी निर्दोष नाहीत. ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय त्यांच्या इन्स्टॉलरांतही ठळकपणे पुढे असतो, आणि घाईतल्या एका होकाराने दूध संस्थेचे हिशेब जाऊ शकतात.

इन्स्टॉलरने आधी डिस्क वाचावी. कोठे काय आहे ते मराठीत दाखवावे. जे पार्टिशन ओळखता येत नाही ते रिकामे न समजता व्यापलेले समजावे. अखेरची संमती मिळेपर्यंत एक बाइटही लिहू नये. जुन्या पहिल्या सेक्टरची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि सुरुवातीच्या यादीत आधीच्या प्रणालीचे नाव कायम राखावे. यांपैकी काही गोष्टी काही इन्स्टॉलर आजही करतात, तेव्हा अशक्यतेची सबब टिकत नाही. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या संगणकखरेदीत ही अट घालता येईल. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स तर लोकांच्याच पैशातून उभी राहिली आहे. पहिली मागणी तिच्याकडे करावी.