वृद्धांचा डॉक्टर

आपल्या घरची वृद्ध माणसे एकाच डॉक्टरचा हट्ट का धरतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? घराजवळ यंत्रांनी सज्ज असा नवा दवाखाना निघाला तरी आजी दोन बसगाड्या बदलून जुन्याच डॉक्टरांकडे जाते, आणि घरचे म्हणतात, म्हातारीचे हे खूळ आहे. आमच्या मते ते खूळ नव्हे. तिला कोणते औषध सोसत नाही, तिची झोप केव्हापासून उडाली, हे त्या डॉक्टरांस विचारावे लागत नाही. ते तिची नाडी पाहतात आणि मुख्य म्हणजे तिच्याशीच बोलतात. अन्यत्र बहुधा सोबतच्या मुलास विचारले जाते, "यांना काय होतंय?" जणू दुखणे तिचे नव्हेच! वय झाले म्हणजे स्वतःच्या देहाविषयी बोलण्याचा अधिकारही जातो काय? यात आपणही निर्दोष नाही. आई तोंड उघडण्यापूर्वीच आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

नाडी पाहण्याची गोष्ट आपल्या समाजाने तरी किरकोळ समजू नये. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापले गेले आणि बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात उद्धृत केले. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. नगरशेठने फीची हमी घेतल्यावर तो आला, तोही रोग्यास वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या आणि नवऱ्याने बायकोच्या. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर न्यूमोनिया म्हणाला. ती बाई वाचली नाही. त्या पिढीची मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. डॉक्टरने न बिचकता मनगट धरले की त्यांचे समाधान होते. त्याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांस हा इतिहास ठाऊक नसावा.

शिवाय ओळखीचा डॉक्टर हा केवळ मनाचा दिलासा नव्हे. २०१८ साली इंग्लंडमधील संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील २२ अभ्यास तपासले; त्यांपैकी १८ अभ्यासांत एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

सरकारने काय केले? २००७ च्या कायद्याने वृद्धांसाठी रुग्णालयात वेगळी रांग सांगितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्वांस आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. उत्तम झाले. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे; रक्तदाब-मधुमेहाकरिता महिन्याच्या महिन्याला दवाखान्याची पायरी चढणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. वेगळ्या रांगेच्या टोकाशी दर खेपेस नवा चेहरा असेल, तर म्हातारीने आपली कहाणी किती वेळा पहिल्यापासून सांगावी? दोष एकट्या डॉक्टरचा नाही. बाहेर शंभर माणसे ताटकळत असता तो तरी किती ऐकणार?

म्हणून मागणी नेमकी करावयास हवी. आरोग्य केंद्रात आठवड्याचा एक ठराविक दिवस वृद्धांचा असावा, त्या दिवशी शक्यतो तोच डॉक्टर बसावा, आणि प्रत्येकाची नोंदवही राहावी. येत्या ग्रामसभेत हा ठराव आपल्याच वस्तीतून मांडला जावा, आणि तो मांडण्यास एखाद्या म्हातारीलाच उभे करावे.