गब्बर, कात्री आणि कोयता

आमच्या राजूर कॉलरीत कुठे चाकू निघाल्याची बातमी आली, की पानठेल्यावर निकाल तयार: पोरं पिक्चर पाहून बिघडली, सेन्सॉर कडक करा. कडक सेन्सॉर आपण पाहिलंय की! आणीबाणीत, 15 ऑगस्ट 1975 ला ‘शोले’ लागला. ठाकूर गब्बरला पायांखाली तुडवून मारतो, हा मूळ शेवट सेन्सॉर मंडळाला चालला नाही. ऐनवेळी पोलीस आणून कायद्याची अब्रू राखली गेली. पडदा असा धुऊन काढलेला असतानाच, जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात, पुण्यात चित्रकला शिकणाऱ्या तरुणांनी दहा जीव घेतले. तेच जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. त्यावर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ आला तो चौघांना 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाल्यानंतर. म्हणजे इथे गुन्हा आधी, सिनेमा मागाहून. सिनेमा अगदी सोवळा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कोयता नाचवत रील काढणारी पोरं ऐट, चाल आणि संवाद पडद्यावरूनच उचलतात. राग आणि रिकामा वेळ त्यांचा स्वतःचा असतो. कात्री चालणार ती ऐटीवर. त्यापेक्षा सिनेमाच्या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांसाठी आणलेले सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे मला शहाणपणाचे वाटतात, कारण त्यात आईबापाला काम आहे. फक्त ते काम थिएटरच्या दारात संपत नाही, पोराच्या हातातल्या मोबाइलपर्यंत जावं लागतं, आणि तिथे आपण सगळेच कच खातो.