बारा जणांची खिचडी आणि एकट्याचा स्टोव्ह

ट्रेकची तारीख पक्की झाली की आमच्या ग्रुपवर पहिली लिंक येते ती स्टोव्हची. टायटॅनियमचा, मुठीत मावणारा, वजन शंभर ग्रॅमच्या आत. लगेच खाली दहा अंगठे. सगळे इंजिनियर, त्यामुळे स्पेसिफिकेशन वाचायची खाज सगळ्यांनाच. मग कोणीतरी 'साडेतीन मिनिटांत पाणी उकळतं' एवढंच वाक्य उचलून परत टाकतो आणि ऑर्डर जाते.

मंडळी, जरा थांबा. ते रिव्ह्यू लिहिणारा माणूस बहुतेक वेळा एकटा चालत असतो. अर्धा लिटर पाणी उकळायचं, पाकिटात ओतायचं, झालं जेवण. आपण बारा जण. आपल्याला रात्री खिचडी लागते, वर भाजलेला पापड लागतो, आणि चहा तर कोणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. त्याचा आणि आपला प्रश्नच वेगळा आहे. ग्रुपसाठी स्टोव्ह निवडताना सुरुवात ग्रॅमपासून नाही, पातेल्यापासून करायची.

हिशोब सोपा आहे. बारा जणांना साधारण सव्वा किलो तांदूळ, अर्धा किलो मुगाची डाळ आणि सहा लिटर पाणी. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. ब्युटेनच्या एका ग्रॅममधून ४५ किलोज्यूलच्या आसपास निघतात, त्यातले निम्मे पातेल्याला लागले तरी नशीब. म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम गॅस. छोटा बर्नर अडीच किलोवॅटचा धरा. सहा लिटर उकळायलाच जवळजवळ अर्धा तास, पुढे शिजायचा वेळ वेगळा. साडेतीन मिनिटं गेली कुठे? ती अर्ध्या लिटरची होती, बंद खोलीतली.

म्हणून आमचा नियम: सहा डोक्यांमागे एक बर्नर, आणि एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन मध्यम पातेली. वेळ निम्मा होतो, आणि एक बर्नर रुसला तरी निम्म्यांना जेवण मिळतं (बाकीचे निम्मे कोण, यावर भांडण होतं, पण ते असो).

यात वेळेपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे तोल. कॅनिस्टरच्या डोक्यावर स्क्रूने बसणारा तो चिमुकला बर्नर, त्याचे तीन पाय उघडून जेमतेम तळहाताएवढे. त्यावर खिचडीने भरलेलं आठ-नऊ किलोंचं पातेलं, खाली कातळ उतरता, आणि अंधारात डाव हातात घेऊन ढवळणारा उत्साही मित्र. उकळती खिचडी मांडीवर सांडणं म्हणजे काय, याची कल्पना करा आणि त्याचबरोबर हरिश्चंद्रगडावरून पाचनईला रात्री उतरायचीही करा. गडावर बर्नॉल मिळेल, हॉस्पिटल नाही. ग्रुपसाठी घ्यायचा तर नळीवाला बर्नर घ्या: बर्नर जमिनीलगत, पाय पसरट, कॅनिस्टर हातभर लांब. वजन दुप्पट-तिप्पट असेल. असू दे की! बारा जणांत दोनशे ग्रॅम जास्तीचे म्हणजे माणशी किती, ते तुम्हीच काढा.

दुसरा लोकप्रिय पर्याय म्हणजे ब्रीफकेससारख्या डब्यात येणारा कॅसेट स्टोव्ह. स्वस्त, बसका, त्याची नळकांडी स्क्रूवाल्या कॅनिस्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त. गाडी जाते तिथे तळ असेल तर माझी पसंती यालाच. पण याचा एक धोका नेमका ग्रुपलाच असतो. गॅसचं नळकांडं बर्नरच्या शेजारच्या कप्प्यात आडवं असतं. पातेलं किंवा तवा एवढा मोठा ठेवला की तो त्या कप्प्यावर येतो, तर भांड्याची धग खाली परतते आणि नळकांडं तापतं. तापलं की आतला दाब वाढतो. चांगल्या स्टोव्हला दाब वाढल्यावर गॅस तोडणारी सोय असते, पण तिच्या भरवशावर परात चढवू नये. दोन कॅसेट स्टोव्ह एकाला एक चिकटवून वर एकच मोठं भांडं ठेवायची आयडिया तर कोणी काढली तर त्याला सरळ कांदे चिरायला बसवा.

वाऱ्याचंही असंच. आडोसा हवाच, नाहीतर गॅस दुप्पट सहज जातो. पण कॅनिस्टरवर बसणाऱ्या बर्नरला चारही बाजूंनी पत्रा गुंडाळला की तीच धग कॅनिस्टरला. वाऱ्याच्या बाजूला सॅक आणि दगड लावा, थोड्या अंतरावर. नळीवाल्याला मात्र बर्नरभोवती पत्रा चालतो. आणि झाकण! सगळ्यात हलकं आणि स्वस्त तंत्रज्ञान, आणि नेमकं तेच घरी राहतं.

डिसेंबरच्या पहाटे गडावर ज्योत मलूल होते तेव्हा 'गॅस संपला' म्हणून अर्धा भरलेला कॅनिस्टर बाजूला टाकणारे पुष्कळ. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश. जळताना गॅसची वाफ होत असते आणि कॅनिस्टर स्वतःच थंड पडत जातो, त्यामुळे बाहेर सात-आठ अंश असले तरी आत दाब उरत नाही. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी ताटलीभर कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे कोमटच. हिमालयात जायचं तर प्रोपेन मिसळलेलं कॅनिस्टर आणि कुकर, दुसरा विचार नको. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ तुमच्याकडे बघत बसते.

रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हला थंडीचं काही नाही, कारण दाब आपणच पंप मारून देतो. १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्टने काढलेला प्रायमस १९५३ला एव्हरेस्टच्या मोहिमेवरही होता, आणि आमच्या आधीच्या पिढीने पिन मारत मारत त्याच्यावरच गडोगडी चहा केला. आज शहरात रॉकेल शोधायलाच एक ट्रेक होईल.

आता ज्यावर ग्रुपमध्ये दर वेळी वाद होतो ते. रेल्वेने जायचं असेल तर गॅस न्यायचा नाही. रेल्वे कायदा, १९८९, कलम १६४: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'एवढासा तर डबा, सॅकमध्ये कोण बघतंय' हे मी खूपदा ऐकलंय. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराई स्टेशनात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, नऊ माणसं गेली. कसाऱ्याच्या लोकलमधली शनिवार पहाटेची गर्दी आठवा आणि मग बोला. विमानात तर कॅनिस्टर चेक-इनमध्येही चालत नाही. एसटीतही ज्वलनशील माल नको.

मग लोकलने जाणाऱ्यांनी करायचं काय? पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी फोन करायचा आणि पिठलं-भाकरी सांगायची. आपल्यापेक्षा चांगली होते आणि चार पैसे गावात राहतात. त्यात 'खरा ट्रेकर स्वतः शिजवतो' वगैरे बाणा मला कळलेला नाही. चुलीचा रोमान्सही नको: कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, झाडं तिथल्या जनावरांची आहेत, आणि गुहांची छतं आधीच पुरेशी काळी झालीयत.

शेवटची एक गोष्ट, जिच्यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. तंबूत स्टोव्ह नाही. पाऊस असो, थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जानेवारी २०२०मध्ये नेपाळात दामनला एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुलं, उठलेच नाहीत. ती तर पक्की खोली होती. तंबूला चेन असते आणि थंडीत ती सगळे ओढून घेतात. भिजत चहा करा, नाहीतर चहा नको.

बाकी बारीकसारीक: स्टोव्हचा इनचार्ज एकच, कॅनिस्टर बदलायचा तो उघड्यावर आणि हेडलॅम्प लावून, मेणबत्तीजवळ नाही, आणि दोन सांडशी. बारा जणांच्या एका मुक्कामाला, खिचडी आणि दोन वेळचा चहा धरून, आम्ही २३० ग्रॅमचे तीन कॅनिस्टर नेतो. दोन लागतात, तिसरा वाऱ्याचा. रिकामे डबे खाली आणायचेच. आमच्याकडे ते ज्याच्या सॅकमध्ये जातील त्याला परतीच्या गाडीत पुढची सीट मिळते, त्यामुळे उतरताना त्यांच्यासाठी भांडणं होतात.