‘अ‍ॅटिट्यूड’चा रकाना

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे नोकरीच्या मुलाखतींची पूर्वतयारी म्हणून दोन दिवसांचे शिबिर होते. बाहेरून प्रशिक्षक येतात, एक छापील अर्ज वाटतात आणि त्यात प्रत्येकाने आपल्या तीन ‘स्ट्रेंग्थ्स’ व तीन ‘वीकनेसेस’ लिहायच्या असतात. गेल्या खेपेस ते अर्ज गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते वाचले. कर्जतच्या आणि खालापूरच्या, पळसदरीच्या आणि लौजीच्या मुलामुलींनी भरलेले ते अर्ज एकाच हाताने लिहिल्यासारखे होते. हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पॉझिटिव्ह. उणिवांच्या जागी बहुतेकांनी ‘इमोशनल’ असे लिहिले होते. भावना असणे ही उणीव आहे, हे यांना कोणी शिकवले?

सरावाच्या मुलाखतीत एका मुलीला विचारले गेले, “तू टीम प्लेअर आहेस का?” ती म्हणाली, “शाळेत असताना कबड्डी खेळायचे, सर.” वर्ग हसला, प्रशिक्षक हसले, मीही हसलो, हे इथे नोंदवलेच पाहिजे. नंतर तिच्याशी बोलताना कळले की दर पावसाळ्यात ती आईबरोबर भातलावणीच्या सावडीला जाते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. चिखलात ओणवे राहून दिवसभर एका ओळीने मागे सरकायचे, आपला हात मंद पडला तर शेजारणीची ओळ मोडते हे जाणून. सावड फेडावी लागते. न फेडलेली सावड गाव वर्षानुवर्षे बोलून दाखवते. आता मला सांगा, ‘टीम प्लेअर’ या शब्दात परतफेड कोठे आहे? कर्मचाऱ्याने संघासाठी रात्री थांबायचे, हे त्यात आहे. कंपनी त्याच्या खाचरात कधी उतरणार, हे त्यात नाही. त्या मुलीला उत्तर येत नव्हते असे नाही. प्रश्नच तिच्या अनुभवापेक्षा तोकडा होता.

कोणी घाईने असे समजू नये की हा इंग्रजी शब्दांच्या हकालपट्टीचा प्रस्ताव आहे. नोकरी, मजूर, हजेरी, मुकादम, कारकून, कसब, हुन्नर हे कामाच्या जगातले आपले शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आहेत. शिवकाळात रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसीला संस्कृत पर्याय दिले, तरी हजेरी आणि मुकादम मराठीत राहिलेच. पुढे 1962 साली सरकारी पदनाम कोश निघाला, तेव्हा अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ ठरवले, त्याचेही कारण होते. आजच्या आपल्या ‘व्यावहारिक मराठी’च्या पुस्तकांत ‘संघभावना’, ‘सकारात्मकता’, ‘नेतृत्वगुण’ असे जे शब्द भरलेले असतात, ते मला ‘टीम स्पिरिट’पेक्षा काडीमात्र बरे वाटत नाहीत. तोच परका रकाना, फक्त देवनागरीत.

माझी तक्रार वेगळी आहे. नवा शब्द येताना एकटा येत नाही, दहा शब्दांना घराबाहेर काढून येतो. ‘इगो’चेच पाहा. गर्व, ताठा, तोरा, मिजास, घमेंड, गुर्मी, माज, अभिमान, स्वाभिमान, मानीपणा या शब्दांमध्ये केवढा सूक्ष्म न्यायनिवाडा आहे! सत्तेचा माज असतो, रूपाचा तोरा असतो, आणि उपाशी राहूनही हात न पसरणारा माणूस मानी असतो. आता या सगळ्यांना एकच उत्तर: “त्याचा इगो दुखावला.” मालकाचा माज आणि मजुराचा स्वाभिमान एकाच शब्दात कोंबले की भांडणात कोण बरोबर होते हे विचारण्याची सोयच उरत नाही. दोघांनीही ‘इगो बाजूला ठेवायचा’. तो ठेवण्याची वेळ बहुधा कोणावर येते, हे सांगायला नको.

‘प्रॅक्टिकल’ची गोष्टही तीच. “जरा प्रॅक्टिकल हो” याचा मराठीतला खरा अर्थ ‘तत्त्व सोड’ असा झाला आहे. पण ‘तत्त्व सोड’ असे म्हणताना जीभ अडखळली असती.

आणि भिडस्त! हा शब्द मला विशेष जवळचा, कारण आमच्या वर्गातली अर्धी मुले भिडस्त आहेत. भीड ही समोरच्या माणसाची असते. तिच्यात त्याचा मान आहे, नात्याची जाण आहे, आणि स्वतःचे नुकसान करून घेण्याची शक्यताही आहे. म्हणून आपण भीड मोडायला शिकतो, ती चेपतेही. प्रशिक्षकांच्या शेऱ्यात मात्र भिडस्त मुलगा ‘लॅक्स कॉन्फिडन्स’ होतो. दोन माणसांमधली गोष्ट उचलून एकाच्या आत ढकलली जाते, दोष म्हणून. उलट जो मुलगा मानी आहे, फालतू प्रश्नाला गप्प राहतो, त्याला ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’ असतो.

या मापांना वैज्ञानिक म्हणण्याचा प्रघात आहे. पण ती आली कोठून? ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये वेब्स्टरच्या इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे 17,953 शब्द वेचून काढले. पुढच्या संशोधकांनी अशाच याद्या चाळून-गाळून व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे घटक मांडले. काम चिकाटीचे होते, त्याबद्दल आदरच आहे. पण पाया इंग्रजी शब्दकोशाचा होता, मोल्सवर्थच्या मराठी कोशाचा नव्हता. उरक, निगुती, अंगचोर, आतल्या गाठीचा, घायकुत्या यांची तिथे गणती झालेली नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे आहेत, उत्तमलक्षणे आहेत आणि पढतमूर्खाची स्वतंत्र लक्षणेही आहेत. (शेवटचा समास आम्हा प्राध्यापकांनी अधूनमधून वाचावा.)

कारखान्यातली भाषा यापुढे जाते. खोपोलीच्या पट्ट्यातल्या घरांतून येणारी मुले ‘बाबांना ब्रेक लागला’ असे म्हणतात. सिनेमात ब्रेक मिळाला म्हणजे नशीब उघडले. इथे ब्रेक लागला म्हणजे कंत्राटी कामगाराला मध्येच घरी बसवले. औद्योगिक विवाद कायद्यातली सलग सेवेच्या 240 दिवसांची मोजणी भरू नये म्हणून ही युक्ती रुळली. शब्द विश्रांतीचा, कृती उपासमारीची. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाला ‘उचल’ म्हणजे काय ते नेमके ठाऊक असते. तो शब्द कर्ज लपवत नाही. ‘ब्रेक’ लपवतो. दोन पाळ्या लागोपाठ करायला तयार असणे याला ‘फ्लेक्सिबल’ म्हणतात, हेही मुलांना शिबिरातच कळते.

मराठी शब्द निष्पाप आहेत असा माझा दावा नाही. बाईला ‘सोशिक’ म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या गप्प बसवले. ‘पायरी ओळखून वागणारा’ ही स्तुती कोणाची होत असे, हे या तालुक्यांत कोणालाही विचारा. ‘बिगारी’ या शब्दात तर वेठ उघडीच बसलेली आहे. पण निदान ती उघडी आहे. पायरी म्हटले की वरच्या पायरीवर कोणीतरी उभा दिसतो, त्याच्याशी भांडता येते. ‘पॉझिटिव्ह’ माणसासमोर कोणीच उभे नसते.

मुलांना नोकऱ्या हव्यात आणि अर्ज इंग्रजीतच भरावे लागणार, हा सहकाऱ्यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी तो अर्ज भरायला शिकवतोच. यंदा फक्त त्याआधी एक तास मागून घेतला आणि घरातल्या एका माणसाच्या कामाबद्दल, अर्जातला एकही शब्द न वापरता, लिहायला सांगितले. कबड्डीवाल्या मुलीने आईबद्दल दीड पान लिहिले. आईच्या हाताला उरक आहे, पण तिच्या ओळीत रोप कधी तिरके पडत नाही, आणि मुकादम मोजायला आला तर ती मान वर करून पाहत नाही, असे त्यात होते. मान वर न करण्याला काय म्हणायचे, असे तिने मला विचारले. आम्ही दोघांनी ‘ताठा’वरून ‘बाणा’पर्यंत बरेच शब्द लावून पाहिले.

नव्या अभ्यासक्रमातल्या कार्यानुभवाच्या श्रेयांकांसाठी मला याच मुलीचा अहवाल भरून द्यायचा आहे. त्यात ‘अ‍ॅटिट्यूड’ असा एक रकाना आहे, दहापैकी गुण द्यायचे आहेत. तो मी अजून भरलेला नाही. मुदत शुक्रवारी संपली.