नाव बुडाली, नावं कुठे?

भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचचं तिकीट काढलं की हातात येतो तळहाताहून लहान कागद. त्यावर पैसे असतात, प्रवाशाचं नाव नसतं. पलीकडे उतरेपर्यंत खिशात त्याचा लगदा झालेला असतो. रोजच्या प्रवासात त्यानं काही बिघडत नाही.

बिघडलं ते 17 जुलै 1947 ला. याच धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. आषाढातली अमावास्या तोंडावर, गावी जाणाऱ्यांची झुंबड, भर पावसाळा. काशाच्या खडकाजवळ लाटांचं पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्यांनीच बातमी आणली. रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात ओतून माणसं आत घेतली, असं त्या पट्ट्यात आजही सांगतात.

मेले किती? कुठे सव्वासहाशे वाचायला मिळतं, कुठे सातशेच्या आसपास. मधली तफावत म्हणजे तेवढी घरं. ज्यांचं माणूस किनाऱ्याला लागलंच नाही, त्यांच्याकडे दाखवायला काय होतं? तो त्या बोटीत होता, एवढं सांगणंही घरच्यांच्याच शब्दावर. कायदा म्हणतो, सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मेला असं धरावं. तोवर कपाळाचं कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे ज्या त्या घरानं बघायचं.

त्याच सुमारास युरोपातही लाखो लोक आपली माणसं शोधत होते. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले ज्यू, कुणी आईला, कुणी धाकट्या भावाला. 1945 मध्ये मुक्त झालेल्या डाखाऊच्या छावणीत अमेरिकी सैन्यातले धर्मगुरू अब्राहम क्लाऊसनर पोहोचले, तर लोक त्यांना आपल्या नातलगांबद्दलच विचारू लागले. क्लाऊसनरांनी काय करावं? जगलेल्यांच्या याद्या केल्या आणि छापून छावण्या-छावण्यांत धाडल्या. जर्मनीतल्या बाड आरोलझेनला नाझी छळाचं दप्तर आहे, त्यात आज सुमारे पावणेदोन कोटी माणसांची माहिती आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक संस्थेत तर त्या संहारात मेलेल्यांसाठी एका पानाचा अर्ज असतो: नाव, आईबापांची नावं, गाव, धंदा. तो भरायचा नातलगानं किंवा ओळखीच्यानं. सरकारी खाक्याचंच पान, पण कित्येकांची तेवढीच खूण उरली आहे.

रायगड जिल्ह्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती मिळाली. त्यांतल्या एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. वाचलेल्यांच्या वंशजांची आडनावं मात्र केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला हरवला तरी नुसत्या आडनावावरून गाव सापडावं!

मग आपण ‘रामदास’नंतर काय शिकलो? 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला, म्हणजे आपल्या उरण तालुक्यात, निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. परवाना 84 प्रवाशांचा, आत माणसं शंभरावर. 15 जण गेले. सात वर्षांच्या एका मुलाचा मृतदेह सापडायला तीन दिवस लागले.

तिकीट देताना प्रवाशाचं नाव लिहून घ्या म्हटलं, तर गर्दीत नावं कोण लिहीत बसणार, असं धक्क्यावर हमखास ऐकायला मिळेल. अलिबागच्या लॉजवर एका रात्रीसाठी आधार कार्ड मागतात. खाडी ओलांडायला काहीच नको. डोक्यावर पाटी घेतलेल्या मावशीला नाव आणि मोबाइल नंबर विचारल्यानं काही बोट बुडत नाही. आणि ती यादी धक्क्यावर राहिली पाहिजे. बोटीत ठेवली तर बोटीबरोबर जाईल.

हे झालं पुढचं. मागचंही राहिलंय. ‘रामदास’च्या वेळी दहा वर्षांची असलेली पोरं आता नव्वदीच्या घरात आहेत. रेवस, अलिबाग, पेणच्या गावांत ग्रामपंचायतींनी याद वाशेमसारखाच एका पानाचा अर्ज घरोघर न्यावा. शाळेतले गुरुजी आणि आठवी-नववीची पोरं दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकतील. नावाचा रकाना सक्तीचा करू नये, एवढं मात्र सांभाळावं. नुसतं ‘बाळ’ किंवा ‘थोरली आत्या’ इतकंच आठवणारी घरंही निघतील.