मोठा स्पीकर व मोठा गोंगाट

आमच्या सातिवलीत किंवा वसईत गिटार शिकू लागलेल्या मुलास जुन्या रेडिओप्रमाणे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा मोह पडला, तर पालकांनी त्यास दोष देऊ नये, असे आमचे मत आहे. व्हॉल्व्हवर भार वाढला म्हणजे स्वर एकदम फाटत नाही, क्रमाने धारदार होतो. आणि बारा इंची स्पीकरचा रुंद पडदा अधिक हवा हालवितो, म्हणून खर्ज भरदार उमटतो. ही गोडी गोंगाटाची नव्हे.

लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६५ साली पीट टाउनशेंड यांच्यासाठी शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर व आठ स्पीकरांची पेटी बनविली, ती भरगच्च सभागृहांसाठी. पेटी इतकी जड झाली की तिचे दोन भाग करावे लागले! घराच्या खोलीस तिचे काय प्रयोजन? पाच वॉटच्या व्हॉल्व्हला मोठा स्पीकर जोडला, तर तीच गोडी पुष्कळ कमी आवाजात लाभते.

रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकांस २००० सालच्या नियमांनी सामान्यतः मनाई आहे. परंतु विद्यार्थिमित्रहो, भिंतीपलीकडे कोणी परीक्षेचा अभ्यास करीत आहे, एवढे स्मरण नियमाहून मोठे होय. ज्यास शेजाऱ्याची झोप ऐकू येते, त्याचाच कान संगीतास योग्य, असे आम्ही समजतो.