मुसीच्या उशाशी मनोरे

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
मा. मुख्यमंत्री, तेलंगणा राज्य,
आणि पूर्व नौदल विभागाचे प्रमुख अधिकारी यांस,



१५ ऑक्टोबर २०२४ रोजी विकाराबाद जिल्ह्यातल्या पुडूर मंडलात, दामगुंडमच्या राखीव जंगलात, नौदलाच्या संदेशवहन केंद्राची पायाभरणी झाली. सुमारे २,९०० एकर जंगल, ३,२०० कोटींचा खर्च, २०२७ पर्यंत काम पुरे करण्याचा बेत. मांडवात भाषणे झाली. हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तमिळनाडूतल्या अशाच केंद्रामुळे आजवर कुणाचे काही बिघडलेले नाही, लोकांनी गैरसमज पसरवू नयेत, असे सांगण्यात आले. पायाभरणीच्या कार्यक्रमात उलट प्रश्न विचारायची सोय नसते, म्हणून हे पत्र.

मी हैदराबादचा मराठी माणूस. आमच्याकडे म्हणतात, गंडीपेटचे पाणी एकदा प्यायलेला माणूस हे शहर सोडून जात नाही. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर, उस्मानसागर म्हणजे मुसी, आणि मुसी म्हणजे त्याच विकाराबाद जिल्ह्यातल्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस. या विषयावर तेलुगूत आणि इंग्रजीत तुम्हाला पुष्कळ पत्रे गेली आहेत. मराठीत लिहिण्याचे कारण असे की अनंतगिरीचे पाणी दोन वाटांनी जाते. पूर्वेकडची मुसी हैदराबाद ओलांडून वाडपल्लीला कृष्णेत मिळते आणि पश्चिमेकडची कागना भीमेत. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणाऱ्या भीमेला खाली कुठल्या डोंगराचे पाणी मिळते आणि त्या डोंगरात काय चालले आहे, हे मराठी वाचकालाही कळायला हवे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. पाण्याखालच्या पाणबुडीशी बोलायला नौदलाला काहीतरी साधन हवेच. साध्या रेडिओच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरता शिरता विरतात. तीन ते तीस किलोहर्ट्झच्या, म्हणजे अतिशय कमी कंप्रतेच्या लहरी मात्र काही मीटर खोल पोचतात. या लहरींची लांबी दहा ते शंभर किलोमीटर असते. एवढ्या लांब लहरी फेकायच्या म्हणजे प्रचंड उंच मनोरे, त्यांच्यावर ताणलेल्या तारा आणि जमिनीत पुरलेले तारांचे जाळे, असा सगळा पसारा लागतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ १९९० पासून चालू असलेल्या आयएनएस कट्टबोम्मनचे मनोरे साडेचारशे मीटरहून उंच आहेत. देशातल्या सगळ्यात उंच बांधकामांत त्यांची गणना होते. देशात असे एकच केंद्र असणे धोक्याचे, दुसरे हवे, हा युक्तिवाद मला पटतो. विरोध करणाऱ्या सगळ्यांना तो पटेल असे नाही, पण मला पटतो.

दुसरी गोष्ट आमच्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी आहे. या लहरींनी कॅन्सर होईल, बाळे अपंग जन्मतील, असल्या गोष्टी गावागावांत फिरल्या. मी त्या या पत्रात आणणार नाही. असल्या आवया उठल्या की तुमचे काम सोपे होते. एखादा शास्त्रज्ञ मंचावर उभा करायचा, त्याने भीती निराधार असल्याचे सांगायचे, आणि मग जंगलाचा, पाण्याचा, देवळाच्या वाटेचा प्रश्नही त्याच गाठोड्यात बांधून टाकायचा. कृपा करून तसे करू नका. हे प्रश्न वेगळे आहेत.

झाडांच्या आकड्यापासून सुरुवात करू. आंदोलन करणारे म्हणतात, बारा लाख झाडे जातील. सरकारी बाजूने सांगितला जाणारा आकडा दोन लाखांच्या आतला आहे. दोन्ही आकडे एकाच मोजणीचे असू शकत नाहीत. कदाचित कुणी खोटे बोलत नसेलही: एकाने ठराविक घेराच्या वरची झाडे मोजली असतील, दुसऱ्याने झुडपांसकट सगळे धरले असेल; एकाने मनोऱ्यांची जागा धरली असेल, दुसऱ्याने कुंपणाच्या आतले सारे २,९०० एकर. मग तेवढे तरी लिहून सांगा. मोजणीची पद्धत काय, पट्टा कुठला, उरलेल्या जंगलाचे काय होणार, वसाहत आणि रस्ते कुठून जाणार. तुमच्याकडे मोजणीचे कागद असणारच, कारण वनजमीन वळती करण्याची परवानगी त्यांच्याशिवाय मिळत नाही.

मोजणी अवघड असते असेही नाही. याच वाटेवर, हैदराबादहून विकाराबादकडे येताना, चेवेळ्याच्या रस्त्याकडेला निजामाच्या काळातले वड आहेत. रस्ता रुंद करायला ते तोडायचे ठरले तेव्हा साध्या नागरिकांनी एकेक वड गाठून, त्याच्या जागेची नोंद करून, नऊशेहून अधिक झाडांची यादी केली आणि हरित लवादापुढे बाजू मांडली. सुटीच्या दिवशी मोबाइल घेऊन हिंडणाऱ्या लोकांना जे जमले ते वनखात्याला आणि नौदलाला जमणार नाही, हे पटत नाही.

दामगुंडम म्हणजे काही ॲमेझॉनचे अरण्य नाही. पानगळीचे, कोरडे, एप्रिलमध्ये बघाल तर करपल्यासारखे दिसणारे जंगल. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याला ते ओसाड वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. पण दसऱ्याच्या आसपास या बाजूला या. रस्त्याच्या कडेला बायका टोपल्यांत सीताफळे मांडून बसतात. डोळे उघडलेली, कडा गुलाबी पडलेली वर, आणि आणखी दोन दिवसांनी पिकणारी खाली गवतात दाबून ठेवलेली. भाव ठरला की बाई स्वतःच प्रत्येक फळ अंगठ्याने हलके दाबून बघते आणि फार मऊ झालेले बाजूला काढते. कुणाची बागायत नाही, खत नाही, फवारणी नाही. उन्हाळ्यात विडीची पाने आणि पावसाळ्यानंतर हे फळ, जंगल दरसाल देते. त्याच दिवसांत माळावर तरवड पिवळा होतो. तेलंगणात त्याला तंगेडू म्हणतात, ते राज्याचे फूल आहे आणि त्याच्याशिवाय बतुकम्मा, म्हणजे सणात रचलेली फुलांची रास, सजत नाही. तुमची पायाभरणी झाली ती बतुकम्मांचे विसर्जन होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा.

अनंतगिरीच्या हवेची कीर्ती मी सांगायला नको. क्षयाच्या रोग्यांचे रुग्णालय निजामाच्या राजवटीतच तिथे उभे राहिले होते. औषधे फारशी नव्हती त्या काळात डॉक्टरांनी रोग्याला या झाडांत आणून ठेवले.

आता मुसीकडे येतो. मुख्यमंत्री महोदय, हा भाग खास तुमच्यासाठी. ज्या ऑक्टोबरात दामगुंडमची पायाभरणी झाली, त्याच्या आगेमागेच हैदराबादेत मुसीच्या पात्रातल्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात ‘आरबी-एक्स’ अशी, हटवायच्या घरांची खूण करणारी अक्षरे उमटत होती. नदी पुन्हा जिवंत करायची आहे, तुम्ही जागा सोडा, असे गरीब माणसांना सांगितले जात होते. त्या योजनेसाठी दीड लाख कोटींचा आकडा तुम्हीच बोललात. नदी जिवंत व्हावी, यात वाद नाही. मुसीच्या काठावरून नाक धरून गेलेला कुठलाही हैदराबादी तुमच्या बाजूने उभा राहील. पण नदी शहरात सुरू होत नाही. चादरघाटच्या पुलाखाली पाणी स्वच्छ करायला एवढा पैसा लावायचा, आणि वरच्या अंगाला पाणी धरून ठेवणारे जंगल देऊन टाकायचे, हा हिशेब मला अजून समजलेला नाही. तुम्ही म्हणता, जमिनीचा निर्णय आधीच्या सरकारने २०१७ मध्ये घेतला. खरे आहे. पण जमीन हाती देण्याचे काम २०२४ च्या जानेवारीत, तुमच्या कारकिर्दीत झाले.

दामगुंडमचा मुसीच्या पाण्याशी फारसा संबंध नाही, असे तुमच्या अधिकाऱ्यांना वाटत असेल तर तसेही दाखवा. ओढे कुठून निघतात, कुठल्या तळ्यात जातात, मनोऱ्यांच्या पायासाठी आणि जमिनीतल्या तारांसाठी किती खणले जाणार, हे एका पाणलोटाच्या नकाशावर मावते.

“तुम्ही सिद्ध करा” असे आम्हाला ऐकवले जाते, म्हणून या नदीच्याच एका खटल्याची आठवण करून देतो. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला पूर आला आणि हैदराबादेत हजारो माणसे गेली. मग अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले, आणि पुढे १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर झाला. या दोन तलावांचे पाणी जपण्यासाठी १९९६ मध्ये १११ क्रमांकाचा शासन आदेश निघाला: तलावांपासून दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे कारखाने नकोत. तरीही एरंडेल तेलाच्या एका कारखान्याला परवानगी मिळवण्याची धडपड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की निसर्गाची आहे ती स्थिती ज्याला बदलायची आहे, त्यानेच तो बदल निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करायचे. नुकसान होईल हे सिद्ध करण्याचा भार विरोध करणाऱ्यावर नाही. २००० मध्ये त्या कारखान्याला दिलेली सूट रद्द झाली. आज देशभर कुठेही पर्यावरणाचा खटला चालला की वकील हा निकाल काढतात.

दामगुंडम त्या दहा किलोमीटरांत येत नाही, हे मला ठाऊक आहे. तो शासन आदेशही २०२२ मध्ये गुंडाळला गेला. निकाल मात्र गुंडाळता येत नाही. पुराव्याचा भार तुमच्यावर आहे, सीताफळे विकणाऱ्या बाईवर नाही. आणि “कट्टबोम्मनने काही बिघडवले नाही” हा पुरावा होत नाही. तिथली जमीन वेगळी, पाऊस वेगळा, आणि मुख्य म्हणजे तिथे १९९० पासून पाण्यावर, पाखरांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास असेल तर तो आमच्यापुढे ठेवा. वाक्य नको, अहवाल हवा.

पाखरांचे म्हणून एक सांगतो, कारण त्यावर उपाय स्वस्त आहे. उंच मनोऱ्यांना ताणून धरणाऱ्या तारांवर आणि सतत जळणाऱ्या लाल दिव्यांभोवती रात्री स्थलांतर करणारे पक्षी आपटून मरतात. अमेरिका आणि कॅनडात मिळून वर्षाला सुमारे ६८ लाख पक्षी असे मरत असावेत, असा २०१२ चा अंदाज आहे. स्थिर दिव्यांऐवजी उघडझाप करणारे दिवे लावले की मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली येते असे तिथे दिसले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने दिव्यांचे नियमच बदलले. दामगुंडमच्या आराखड्यात कुठले दिवे आहेत? यात कसले लष्करी गुपित? दिवा असतो तोच मुळी सगळ्यांना दिसावा म्हणून.

जंगलातल्या रामलिंगेश्वराच्या देवळाची वाट बंद होणार नाही, असे आश्वासन दिले गेले आहे. चांगले आहे. पण तोंडी आश्वासनाला कुंपणाच्या फाटकावरचा पहारेकरी ओळखत नाही. वाट कुठली, किती वाजेपर्यंत, जत्रेच्या दिवशी काय, शेळ्या-मेंढ्या तळ्यावर न्यायच्या तर परवाना कुणाचा, हे लेखी हवे. पहारेकऱ्याची बदली झाली की नियम बदलतो, हा लष्करी हद्दीशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. सिकंदराबादच्या छावणीतले रस्ते किती वेळा बंद झाले, हे आम्ही शहरवाले पाहत आलो आहोत.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने संरक्षण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे, हे तुमचे अधिकारी लगेच सांगतील. सूट म्हणजे मनाई नव्हे. मनोऱ्यांची नेमकी जागा, यंत्रांची ताकद, संकेतांची पद्धत गुप्त ठेवा. त्यावर कुणी अडणार नाही. पण झाडांची यादी, पाणलोटाचा नकाशा, दिव्यांचा प्रकार, देवळाची वाट आणि नुकसानभरपाईच्या पैशातून रोपे कुठे, कुठल्या जातीची लावणार, हे शत्रूच्या काय कामाचे? रोपांचे तर खास विचारतो. जंगलाच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात निलगिरीच्या रांगा लावून हिशेब मिटवल्याचे या देशात फार वेळा झाले आहे.

तेव्हा मागणी एवढीच: पुढचे झाड तोडण्याआधी पुडूरला एक दिवस या. शुक्रवार-शनिवार कोणताही चालेल, फक्त आठ दिवस आधी दवंडी द्या आणि तेलुगूत बोलणारा अधिकारी पाठवा, पॉवरपॉइंट नको. वर लिहिलेले कागद त्याआधी मंडल कार्यालयाच्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. प्रश्न विचारणाऱ्यांना आदल्या रात्री घरातून उचलून पोलीस ठाण्यात बसवू नका. आणि जिथे आकडे तुमच्या विरोधात निघतील तिथे कुंपण आत सरकवा. २,९०० एकरांपैकी किती लागतात ते पाहिल्यावर बाकीचे वनखात्याकडे परत देता येतील.

तारीख ठरली की कळवा. आम्ही हैदराबादहून येऊ, तांड्यांवरून आणि गावांतून लोक चालत येतील.

आपला,
मुसीचे पाणी प्यायलेला एक मराठी हैदराबादी